कॉम्प्युटर पेटला म्हणून गेले आणि घराचं अर्थिंग दुरुस्त करून आले : बेळगावच्या खडेबाजारातल्या रिपेअरिंग दुकानाचा अनुभव

आधीच सांगून टाकते, चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच, पण कॉम्प्युटरमधून धूर आला, जळका वास आला, नाहीतर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असलं काही तुमच्या घरात चालू असेल तर बाकी कुठं फिरत बसू नका, सरळ इथं जा. खडेबाजाराच्या आतल्या बोळात, खाली बांगड्यांचं दुकान, बाजूनं अंधारा जिना, वर गेलं की आधी जुन्या कॅबिनेटांचा ढीग दिसतो आणि मग त्याच्या मागं माणूस. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मी पण अण्णाच म्हणते. हाताखाली एक पोरगा आहे, तो कन्नडच जास्त बोलतो पण काम असं करतो की बघत बसावं.

मी वडगावात घरातनंच डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांती, मंडळांची पावतीपुस्तकं, मराठी कन्नड दोन्ही. गेमिंगबिमिंग काही नाही, पण मशीन बंद म्हणजे माझी कमाई बंद. मशीन असेंबल केलेली, ती कुठल्या दुकानातनं घेतली ते लिहीत नाही, उगाच वाद नको.

झालं असं. गणपतीच्या पावतीपुस्तकांचं काम अंगावर, बाहेर आषाढातला पाऊस, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत तसला. सासूबाईंनी मागच्या खोलीत गीझर लावला आणि इकडं देवघरातला जुना पिवळा बल्ब एकदम पांढराफेक झाला, फॅन असा पळायला लागला की टेबलावरचे प्रूफ उडाले. हे आमच्याकडं अधनंमधनं व्हायचंच, सगळ्यांना वाटायचं वरनंच लाईट जास्त येते. तेवढ्यात कॅबिनेटमधून फट्ट असा आवाज, स्क्रीन काळी, आणि बाजूच्या जाळीतनं आत ज्योत दिसली, बोटाच्या पेराएवढी असेल नसेल, पण वास असला की डोळ्यांतनं पाणीच आलं. ह्यांनी पळत जाऊन मेन पाडला. घर अंधारात. आणि कॅबिनेटमधला धूर चालूच!

कारण यूपीएस. मेन पाडला की यूपीएसला वाटतं लाईट गेली, मग ते इमानेइतबारे बॅटरीवरनं करंट देत बसतं, म्हणजे जळणाऱ्या मशीनला आपणच खायला घालतोय. ते पी पी करायला लागलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी त्याचं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठं धूर कमी झाला. हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहितेय कारण नंतर ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना वाटतं मेन बंद केला की सगळं बंद. नाही. यूपीएस असेल तर आधी ते बंद, आणि बटणापर्यंत हात पोचेल अशा ठिकाणी ते ठेवलेलं पाहिजे, टेबलाच्या मागं पायांत नको.

आता दुकान. बाकीच्यांचं असं असतं की कॅबिनेट उघडायच्या आधीच "मदरबोर्ड गेलाय, नवीन घालूया, एवढे होतील" आणि ते पण माझ्याकडं न बघता ह्यांच्याकडं बघून सांगायचं, जशी काय मशीन तेच चालवतात. अण्णांनी मला विचारलं, "वैनी, घरात लाईट कशी आहे? पुढच्या खोलीत बल्ब कमीजास्त होतंय काय? कॅबिनेटला कधी शॉक लागत होता काय?" मी म्हटलं शॉक नाही, पण अनवाणी पायानं हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. ते पोराकडं बघून हसले आणि पोरगा तिथंच म्हणाला, "अर्थ इल्ला री अक्का." म्हणजे अर्थिंगच नाही. घर न बघता! मला आधी वाटलं फेकतोय.

फेकत नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा, त्यात आत यायच्या तोंडालाच एक फिल्टर असतो, त्यात दोन छोटे निळे कॅपॅसिटर फेजकडनं आणि न्यूट्रलकडनं कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर जो थोडासा करंट गळतो तो जमिनीत जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर तो पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट येऊन बसतात. करंट फार कमी म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. तर ह्या झिणझिण्या म्हणजे "थोडं करंट मारतंय, चपला घाल" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, तुमच्या घराचं अर्थिंग मेलंय ह्याची ती पावती आहे. वडगाव शहापुरात किती घरात कॉम्प्युटरसमोर रबरी चपला ठेवलेल्या असतात ते आठवून बघा.

मग मशीन उघडली. इथं मला दुकान खरं आवडलं कारण त्यांनी सगळं माझ्यासमोर काढलं, आत नेऊन दार लावलं नाही. प्रोसेसरच्या बाजूला जिथं जाडा आठ पिनांचा कनेक्टर बसतो तिथं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून वितळून लोंबलेलं, त्याच्या खाली बोर्डात काळं भोक, कडा कोळशासारख्या, नखानं खरवडलं तर भुगा पडत होता. तिथं मॉस्फेट म्हणून छोटे काळे चौकोन असतात, १२ व्होल्टचे कापून कापून प्रोसेसरला लागतात तेवढे साधारण सव्वा व्होल्ट करून द्यायचं काम त्यांचं. त्यातला एक जरी आतनं शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट पुढं जाऊ शकतात, म्हणजे प्रोसेसरचं पण तेरावं. अण्णांनी मीटर लावला, बीप वाजली, म्हणाले गेला.

मी विचारलं, अण्णा १२ व्होल्टनं आग लागती होय? गाडीची बॅटरी पण बाराचीच की. तर म्हणाले व्होल्ट बघू नका, अँपियर बघा. मग त्यांनी माझ्या एसएमपीएसवरचं लेबल दाखवलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक कोष्टक, त्यात १२ व्होल्टच्या खाली १४ अँपियर. १४ गुणिले १२ म्हणजे १६८. आता प्रोसेसर काय, ग्राफिक्स कार्ड काय, आजकाल सगळं त्या बारा व्होल्टवरच चालतं, म्हणजे ४५० चा हा डबा कामाचे १६८ वॅटच देणार, तेही लेबल खरं धरलं तर. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात चांगल्या कंपनीचा दिला. वजनातला फरक कळायला शिकायला लागत नाही. माझा उघडून दाखवला तर जिथं तांब्याची कॉइल पाहिजे तिथं नुसता तारेचा तुकडा टाकून भागवलेलं, आउटपुटकडच्या कॅपॅसिटरांची डोकी फुगून वर आलेली आणि एकातनं तपकिरी चिकट काहीतरी सुकलेलं.

आणि आता तो मुद्दा जो मला कोणीच आधी सांगितला नव्हता. ह्यांनी विचारलं, एवढं जळत होतं तर एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही, कंपनीचा चांगला घातलाय. अण्णांनी टेबलावरची सोल्डरिंगची बत्ती उचलली. ही २५ वॅटची आहे, म्हणाले, हिनं शिसं वितळतंय. तुमच्या बोर्डात नखाएवढ्या जागेत दीडशे वॅट जात होते. आणि दीडशे वॅट म्हणजे २३० च्या बाजूला किती? एक अँपियर पण नाही. तुमचा एमसीबी सहाचा, तो १३८० वॅटपर्यंत जागचा हलत नाही. त्याच्या दृष्टीनं तुमच्या घरात दोन-तीन फॅन चालू आहेत. त्याचं काम वायर वाचवायचं, मशीनच्या आत काय जळतंय ते त्याला दिसत नाही. ते बघायचं काम एसएमपीएसचं, चांगल्या एसएमपीएसमध्ये शॉर्ट सर्किटला, जास्त करंटला, जास्त व्होल्टेजला बंद पडायची सोय असती. तुमच्यात ती नव्हती, म्हणून तो बोर्ड कोळसा होईपर्यंत देत राहिला.

हे ऐकून मी गप्पच झाले. आम्ही सगळे एमसीबी आहे म्हणून निवांत.

एक गोष्ट बरी की मदरबोर्ड स्वतः लाकडासारखा जळत नाही. काचेच्या कापडावर इपॉक्सी असतं आणि त्यात आग धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं, करंट बंद झाला की ज्योत बहुतेक वेळा आपणहून विझते. पण ते बोर्डाचं झालं. आजूबाजूला काय आहे ते बघा की! आमच्याकडं शेजारी दोन्हीकडं माग चालू आहेत, दिवसभर खटखट खटखट, आणि सुताचा जो बारीक कापूस उडतो तो घरात कुठं कुठं जाऊन बसतो ते मागवाल्यांच्या शेजाऱ्यांना सांगायला नको. एसएमपीएसच्या फॅनवर त्याची अक्षरशः गादी तयार झालेली. ती हवा अडवते, आतलं तापतं, पावसाळ्यात दमट होऊन करंट पण गळायला लागतो आणि ठिणगी पडली तर वात तयारच. पोरानं ब्लोअर मारला तेव्हा खिडकीतनं ढग बाहेर गेला. वर माझ्या टेबलाखाली आर्ट पेपरचे रिम. ते आता दुसऱ्या खोलीत गेलेत. अण्णांचं म्हणणं मागाच्या भागात दर दोन-तीन महिन्यांनी एसएमपीएस आणि सीपीयू फॅन साफ करून घ्या, इतरांनी वर्षातनं एकदा, पावसाळ्याच्या आधी. आणि पाली. त्यांच्याकडं एका बाटलीत एसएमपीएसमध्ये चिकटून मेलेल्या पालींचा संग्रह आहे, गिऱ्हाइकांना दाखवतात, मला बघायचा नव्हता तरी दाखवला. मागच्या बाजूला जी न वापरलेल्या स्लॉटची पट्टी असते ना, ती उघडी ठेवू नका, तिथनंच शिरतात.

बोर्ड रिपेअर होईल काय विचारलं तर सरळ नाही म्हणाले. दुसरा कोणी मॉस्फेट बदलून चालू करून देईल, हजार दीड हजार घेईल, पण बोर्डात आत थरावर थर असतात आणि कोळसा झालेली जागा स्वतःच करंट वाहून नेते, आज चालेल, कधीतरी रात्री परत पेटेल. मी करत नाही. गिऱ्हाईक घालवणारं हे बोलणं मला पटलं.

हार्डडिस्कचं ऐका. सगळ्या मंडळांचं काम त्याच्यात. लावली तर फिरेना. माझे पाय गळाले, जुन्या पत्रिकांच्या फाइली, कन्नड फॉन्ट, सगळं. पोरानं डिस्क उलटी करून हिरव्या पट्टीवरचा तांदळाएवढा एक तुकडा मीटरनं तपासला आणि म्हणाला हा आपणहून मेलाय डिस्क वाचवायला. टीव्हीएस डायोड म्हणतात, व्होल्टेज जास्त आलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्याला वाचवतो. तो काढून टाकला, चांगल्या सप्लायवर लावली, डिस्क फिरली! लगेच सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतला आणि ही परत वापरू नका, आता हिला राखणदार नाही, असं बजावून दिली. ह्या कामाचे जे पैसे घेतले ते मी दुप्पट पण दिले असते. (अण्णा वाचत असतील तर पुढच्या वेळी नको हं.)

आता नवीन बोर्ड कुठला घ्यायचा ह्यावर घरात वाद. भाचा बेंगळुरूला आयटीत, त्याचं म्हणणं ऑनलाइन महागातला मागवू, जळायचा प्रश्नच नाही. त्याला स्पीकरवर घेतलं तर अण्णा हसायला लागले. महागडे जळत नाहीत काय? आसुसचा झेड-६९० हीरो, त्यांच्या वरच्या रेंजमधला बोर्ड, २०२१ च्या शेवटी लोकांचे जळायला लागले, बघितलं तर कारखान्यातच रॅमजवळचा एक कॅपॅसिटर उलटा बसवलेला. कंपनीनं डिसेंबर २०२१ मध्ये मान्य केलं, बदलून दिले, २०२२ मध्ये अमेरिकेत साधारण दहा हजार बोर्ड परत बोलावले. मग भाचाच म्हणाला की हो, एनझेडएक्सटीचं ते एच-१ कॅबिनेट पण होतं, त्यात ग्राफिक्स कार्डचा रायझर, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणारा तुकडा, ज्या स्क्रूनं आवळलेला तो स्क्रूच त्या रायझरच्या बोर्डातल्या १२ व्होल्टच्या पट्टीला लागून शॉर्ट व्हायचा, आधी कंपनीनं प्लास्टिकचे स्क्रू दिले, ते पुरेना म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये रिकॉल, अमेरिकेत ३२ हजारच्या आसपास. एवढासा स्क्रू! अण्णांनी आणि मागचं सांगितलं, २००० नंतरच्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांच्या बोर्डांवरचे कॅपॅसिटर खराब केमिकलमुळं फुगून फुटायचे, तेव्हा त्यांचं निम्मं दुकान कॅपॅसिटर बदलण्यावरच चाललं. आणि २०२३ ला एएमडीच्या नव्या प्रोसेसरना काही बोर्ड जास्त व्होल्टेज देत होते, प्रोसेसर आणि सॉकेट दोन्ही जळाले, मग बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट देऊन ते व्होल्टेज १.३ वर बांधलं. भाचा त्यानंतर जरा नरम पडला. शेवटी साधाच बोर्ड घेतला आणि वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घातले, तीन हजाराच्या वर गेला, माझ्या जुन्याच्या कितीतरी पट. बायोस त्यांनी देण्याआधीच अपडेट करून दिला. बोर्डाच्या खाली एखादा जास्तीचा स्टँड-ऑफ राहिलाय काय ते टॉर्च मारून बघितलं, तो पितळी खुंटा चुकीच्या जागी राहिला की मागनं शॉर्ट होतो म्हणे.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघतात तसला एसएमपीएस घेणाऱ्यांना एक सांगतात, जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, कनेक्टर बसतो पण आतल्या पिना कंपनीकंपनीप्रमाणं वेगळ्या, एका सेकंदात डिस्क राख.

आणि इथं खरं म्हणजे विषय संपायला पाहिजे होता, पैसे द्यायचे, मशीन घेऊन यायची. पण अण्णा मशीन देईनात! म्हणाले आधी घर बघू, नाहीतर हा पण बोर्ड जाणार आणि तुम्ही माझ्याच नावानं शिव्या घालणार. त्यांच्या ओळखीचे एक इलेक्ट्रिशियन काका आले, लायसनवाले. सॉकेटमध्ये मीटर, फेज न्यूट्रल २३४, ठीक. फेज अर्थ ११८. न्यूट्रल अर्थ पण तेवढंच. पोरगा बरोबर होता. फेज अर्थ मध्ये फेज न्यूट्रलएवढंच आलं पाहिजे आणि न्यूट्रल अर्थ मध्ये एखाददुसरा व्होल्ट. परसात अर्थिंगची पाइप शोधली तर ती धुण्याच्या दगडामागं, तिची जीआय तार गंजून कधीच तुटलेली, सासऱ्यांच्या वेळची.

मग काका म्हणाले आता गीझर लावा. लावला, देवघरातला बल्ब पांढरा. बंद केला, पिवळा. परत लावला, परत पांढरा. त्यांनी मेन बोर्ड उघडला. आमच्या घरात पूर्वी चार माग होते म्हणून थ्री फेज कनेक्शन आहे, माग गेले तरी ते तसंच राहिलं. तीन फेजना एकच न्यूट्रल, आणि त्या न्यूट्रल लिंकचा स्क्रू ढिला, अ‍ॅल्युमिनियमची वायर काळी, प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालेलं. न्यूट्रल पक्का असला तर प्रत्येक फेजला २३० मिळतात. तो सुटला नाहीतर ढिला झाला की दोन फेज एकमेकांच्या मागं सिरीजमध्ये येतात, त्या दोघांत ४०० च्या वर व्होल्ट असतात, मग ज्या फेजवर गीझरसारखा मोठा लोड त्याला कमी आणि ज्याच्यावर माझा गरीब कॉम्प्युटर त्याला तीनशे, साडेतीनशे काय वाट्टेल ते. वरनं लाईट जास्त येत नव्हती, आमच्याच भिंतीतनं येत होती. आणि म्हणूनच एकच वस्तू जास्त उजळते आणि दुसरीकडची मंद होते. हे लक्षण दिसलं की टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर सगळं काढा आणि बोर्ड बघून घ्या, आणि ढिलं खांबावर असेल असं वाटलं तर १९१२ ला फोन, स्वतः खांबावर चढणारे हिरो आपल्याकडं कमी नाहीत म्हणून सांगितलं.

स्पाइक गार्डचा पण भ्रम गेला. लाल दिवा लागतो म्हणजे गार्ड नव्हे. काहींत तर आत नुसत्या पट्ट्या असतात. ज्यात एमओव्ही म्हणून जास्तीचं व्होल्टेज गिळणारा तुकडा असतो तो पण क्षणभराचा झटका गिळायला, वीज कडाडली वगैरे, तीनशे व्होल्ट सतत आले तर तो बिचारा स्वतःच पेटतो. शिवाय तो झटका गिळून गिळून झिजतो, झिजलेला गार्ड म्हणजे साधा एक्स्टेन्शन बोर्ड.

काकांनी काय काय केलं ते थोडक्यात. न्यूट्रलला नवीन लग दाबून पक्का केला, परसात नवीन अर्थ पिट मारला, आमच्याकडं वरची लाल माती गेली की मुरूम लागतो त्यामुळं खणणाऱ्याची परीक्षाच, कोळसा मिठाऐवजी ती बॅकफिलची पावडर घातली आणि अर्थ टेस्टर लावून आकडा पाच ओहमच्या खाली आल्याशिवाय उठले नाहीत. उन्हाळ्यात पिटात पाणी ओतत जा म्हणून सासूबाईंना सांगून गेले, त्या रोज ओततात, पावसात पण. मेनला ३० मिलिअँपियरचा चार पोलचा आरसीसीबी आणि जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा रिले. आरसीसीबी माणसाला शॉक लागण्यापासून वाचवतो आणि कुठं करंट जमिनीकडं गळत असेल तर तोडतो, पण बोर्डातल्या बारा व्होल्टच्या शॉर्टला तो पण आंधळाच, हे काकांनी स्वतःहून सांगितलं, विकायचं म्हणून गुण गायले नाहीत. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा दाबायचं. हा सगळा खर्च कॉम्प्युटरपेक्षा जास्त झाला, खोटं कशाला बोलू, ह्यांचा चेहरा दोन दिवस उतरलेला. पण कॅबिनेटला अनवाणी हात लावते आता, काही नाही.

आग विझवायचं पण विचारून घेतलं. आधी यूपीएस आणि स्विच बंद, स्विचपर्यंत जाता येत नसेल तर मेन. पाणी नाही. करंट तुटल्यावर बारकी ज्योत बहुतेक आपणच विझते, नाही विझली तर सीओटूचं सिलिंडर, एबीसी पावडरचं स्वस्त आहे आणि चालतं पण ती पावडर मशीनमध्ये शिरली की मशीन गेलीच समजायची. कॅबिनेट लगेच उघडायचं नाही, हवा मिळाली की परत भडकतं. धूर विषारी असतो, बाहेर पडायचं, लहान पोरांना आधी. पडद्यापर्यंत गेली तर शूरपणा नको, १०१ नाहीतर ११२. आणि रात्री झोपताना मशीन स्लीपमध्ये नाही, भिंतीवरचं बटण बंद, कारण स्लीपमध्ये एसएमपीएस चालूच असतो.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत. परवा देतो म्हटलेलं परवा कधी मिळालं नाही, माझ्या एका मंडळाची पावतीपुस्तकं त्या नादात दुसऱ्यानं छापली. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, वॉरंटीच्या वस्तूंचं तरी मागून घ्याच, बॉक्सवरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. चेकिंगचे पैसे आधी सांगत नाहीत, फार नसतात, पण सांगायला काय हरकत आहे. जिना असा आहे की वयस्कर माणसानं कॅबिनेट घेऊन चढू नये, खालनं हाक मारली की पोरगा येऊन घेऊन जातो. खडेबाजारात गाडी लावायचं तर विसराच. आणि बोलणं फार, दोन मिनिटांचं काम असेल तरी तासभर धरून जा, पालीची बाटली बघावी लागेल.

यूपीएस मात्र ते छापील किमतीलाच विकतात, ते बाहेर चौकशी करून घ्या, स्वस्त मिळतंय. एसएमपीएस त्यांच्याकडनंच घ्या, ते उघडून बघून ठेवतात. मजुरी वाजवी, घासाघीस केली तर चिडतात. जाताना कॅबिनेटबरोबर मागची पॉवर केबल पण न्या, ती लोक घरीच ठेवून जातात. माझी त्यांनी कापून दाखवली, आत तांबं म्हणून केसाएवढ्या चार तारा होत्या. दुपारी दीड ते चार बंद असतंय, रविवारी पूर्ण बंद.